आधी पाना, मग झोका

श्रावण शुद्ध तृतीयेला जयपुरात तीज येते आणि दोनच दिवसांनी, शुद्ध पंचमीला, आपली नागपंचमी. त्रिपोलिया दरवाजातून तीजमातेची सवारी निघते, हलवायांच्या दुकानांत घेवरांचे थर लागतात, लहरियाच्या ओढण्या बाहेर पडतात आणि जिथे जागा मिळेल तिथे झूला टांगला जातो. आपल्याकडेही पंचमीचा सण झोक्याशिवाय सुना. त्यामुळे जयपुरात स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या पोरांची या पंधरवड्यात चंगळ असते. शेजारच्या काकींचा झूला आहेच, वर आईच्या माहेरच्या आठवणीतला झोकाही हवा असतो.

पूर्वी हे सगळं कडुनिंबाच्या किंवा वडाच्या फांदीवर भागायचं. आता मानसरोवर, वैशालीनगर, जगतपुरा अशा वसाहतींत झाड असलंच तर ते फांदीवर झोका बांधण्याजोगं नसतं. मग घरामागच्या मोकळ्या जागेत लोखंडी झोपाळा येतो. कुणी खोक्यातून आलेला संच मागवतं आणि रविवारी सकाळी नकाशा पसरून बसतं, तर कुणी वेल्डिंगवाल्याकडून पाइप जोडून घेतं. झोपाळा उभा राहतो, फोटो निघतात, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल होतो. आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकच हाक सुरू होते, "हळू! हळू रे! पडशील!"

पालकहो, आजचं हितगुज या हाकेबद्दल आहे. झोका हळू घ्यायचा नसतोच. पाय ताणून, अंग मागे टाकून, आभाळाला पाय लावायला निघणं हाच तर त्यातला आनंद. ज्या झोपाळ्यावर मुलाला मनसोक्त झुलू देण्याची आपली छाती होत नाही, तो झोपाळा तरी चुकीचा बसवला आहे किंवा आपण तो तपासलेला तरी नाही. आपली काळजी आधी पान्यातून उतरली पाहिजे. म्हणजे मग ती तोंडातून उतरत नाही.

पहिल्यांदा झोपाळ्यावर किती जोर येतो, ते समजून घेऊ. आपण म्हणतो, "मूल पंचवीस किलोचं, पाइप दोन माणसांचं वजन पेलेल, काय होतंय!" पण झोका म्हणजे काही टांगून ठेवलेलं वजन नव्हे. तुमचं २५ किलोचं मूल ६० अंशांपर्यंत झोका चढवतं, तेव्हा तळातून जाताना साखळ्यांवर २५ नव्हे, ५० किलोंचा ताण येतो. साखळी आडव्या पाइपाच्या रेषेत येईपर्यंत चढवली, तर ७५ किलोंचा. शिवाय प्रत्येक झोक्याला हा ताण एकदा पुढे आणि एकदा मागे, आडवाही ओढतो. ६० अंशांच्या झोक्यात हा आडवा हिसका २० किलोंच्या घरात जातो. सहा-साडेसहा फूट लांब साखळीचा झोका सुमारे तीन सेकंदांत एक फेरी मारतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या खेळात सहाशे फेऱ्या आणि बाराशे हिसके. आता कळेल की पहिल्या दिवशी गच्च आवळलेला नट पंधरा दिवसांत सैल का होतो. पाइप वाकतो क्वचित; सांधा मात्र रोज हलत असतो.

आता जागा. जयपूरच्या वसाहतींतले प्लॉट गजांत मोजले जातात आणि मागची मोकळी पट्टी बहुधा अरुंदच असते. म्हणून झोपाळा घेण्याआधी टेप घेऊन मागे जा. अमेरिकेतल्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने घरगुती झोपाळ्यांसाठी सांगितलेला हिशेब सोपा आहे. आडवा पाइप जितक्या उंचीवर, त्याच्या दुप्पट मोकळी, मऊ जागा पुढे आणि तितकीच मागे. बाजूंना किमान सहा-सहा फूट. पाइप सात फुटांवर असेल तर पुढे चौदा आणि मागे चौदा, म्हणजे अठ्ठावीस फूट झाले. "एवढी जागा कुणाकडे असते?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की पाइप खाली घ्या. साडेपाच फुटांवर घेतलात तर बावीस फुटांत भागतं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला तेवढी उंची पुष्कळ झाली. तेवढीही जागा नसेल तर घरचा झोपाळा रद्द करा आणि संध्याकाळी कॉलनीच्या पार्कात जा. भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या झोपाळ्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

टेप हातात आहे तोवर वरही बघा. विजेच्या तारा, डिशची केबल, आंब्याची वाळकी फांदी यांच्याखाली झोपाळा नको. आणि ज्या वस्तूकडे आपलं लक्षच जात नाही ती म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. मागच्या अंगणात ती हमखास असते आणि झोक्यावरून उडी मारून पळणाऱ्या मुलाच्या बरोबर गळ्याच्या उंचीवर येते. झोपाळा आला की दोरी तिथून हलवायची. यात तडजोड नाही.

त्यानंतर जमीन, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपण सगळे वर बघत राहतो, साखळी बघतो, पाइप बघतो, आणि मूल मात्र खाली पडतं. जयपुरात अंगण म्हटलं की कोटा फरशी, नाहीतर सिमेंटचे एकमेकांत अडकणारे ठोकळे. झाडायला सोपं, दिसायला छान. पण दोन मीटर उंचीवरून पडलेलं मूल जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास असतो. फरशी त्यातलं काहीही पोटात घेत नाही, सगळं डोक्याला आणि मनगटाला परत देते. हिरवळही फारशी वेगळी नाही. झोक्याखालची हिरवळ महिन्याभरात पायांनी खरवडून जाते आणि उन्हात तापलेली ती उघडी माती विटेसारखी टणक होते. त्यावर कृत्रिम हिरवळीची सतरंजी अंथरली तर डोळ्यांचं समाधान होतं, डोकं वाचत नाही.

मग काय घालायचं? आपल्याला सहज मिळणारी वस्तू म्हणजे वाळू. इथे तिला बजरी म्हणतात. ट्रॅक्टरवाल्याला तसंच सांगा, आणि बांधकामाची दगडाची चुरी नको, नदीची धुतलेली बजरी हवी, हेही सांगा. चुरी पाणी पडलं की घट्ट बसते. वाळूचा दबलेला थर नऊ इंचांचा असेल तर तो सुमारे चार फुटांवरून पडण्याला पुरतो. वाळू दबते, म्हणून सुरुवातीलाच बारा इंच भरायची. आता नीट लक्ष द्या. सार्वजनिक बागांच्या नियमांत झोक्यावरून पडण्याची उंची बैठकीपासून नव्हे, वरच्या आडव्या पाइपापासून धरतात, कारण उंच गेलेलं मूल तिथूनच सुटतं. तेव्हा सात फुटी पाइपाखाली नऊ इंच वाळू घातली म्हणून निर्धास्त होऊ नका. मार कमी होईल, टळेल असं नाही. पाइप खाली घ्यायचं हे दुसरं कारण. वाळूऐवजी लाकडाच्या तुकड्यांचा तेवढ्याच जाडीचा थर जास्त उंची पेलतो, पण आपल्याकडे त्याला वाळवी लागते आणि मे महिन्याच्या आंधीत निम्मा शेजाऱ्याच्या दारात जातो. जाड रबरी फरशा महाग पडतात. घेणार असाल तर ती फरशी किती उंचीवरून पडण्यासाठी तपासली आहे, हे दुकानदाराला विचारा. जिममध्ये घालतात ती अर्ध्या इंचाची चटई त्यासाठी नसते.

वाळू टाकली की तिची उस्तवारही येते. कडेला विटा उभ्या करू नका, त्यांच्या कोपऱ्यावर डोकं आपटतं; खड्डा करून वाळू जमिनीच्या पातळीत ठेवा. रात्री ताडपत्री घाला, नाहीतर सगळ्या गल्लीतली मांजरं तिथे येतील. आठवड्यातून एकदा खुरप्याने किंवा पंजाने वाळू हलवा, कारण झोक्याच्या बरोबर खाली, जिथे पाय घासतात तिथे खड्डा पडतो आणि जिथे जाड थर हवा तिथेच तो सर्वांत पातळ होतो.

आता सांगाडा. खोक्यातला संच घेत असाल तर आधी खोक्यावर आयएसआयचं चिन्ह शोधा. आपल्याकडे खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना हे चिन्ह सक्तीचं झालं. घरगुती वापराचे झोपाळे आणि घसरगुंड्या यांच्यासाठी आयएस ९८७३ या मानकाचा चौथा भागच आहे. चिन्ह नसलेला संच स्वस्त पडतो, हे खरं. तो तसा का पडतो, हे मात्र आपल्यालाच महागात कळतं. चिन्हाशेजारी वयाची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तीही वाचा. अडीच वर्षांच्या नातीसाठी घेतलेल्या प्लास्टिकच्या झोक्यावर नऊ वर्षांचा दादा आणि कौतुकाने मामाही बसणार, हे गृहीत धरूनच खरेदी करा.

जोडणीच्या दिवशी मुलांना घरात ठेवा आणि आधी सगळे नट, बोल्ट, वॉशर एका थाळीत काढून यादीशी ताडून घ्या. एकही बोल्ट लगेच गच्च आवळू नका. सगळे हाताने अर्धवट लावा, सांगाडा उभा करा, चारही पाय जमिनीला टेकले का ते बघा, पातळी लावा, आणि मग क्रमाने आवळा. आधीच आवळलं की शेवटचं भोक जुळत नाही, मग हातोडी येते, आणि हातोडीने जुळवलेलं भोक पुढे तडकतं. नट साधा असेल तर तो बदलून नायलॉनची कडी असलेला लॉकनट घाला. हिशेबातल्या त्या बाराशे हिसक्यांना तोच पुरून उरतो. बोल्टचं टोक नटाबाहेर दोन आट्यांपेक्षा जास्त डोकावत असेल तर कापून घासून घ्या किंवा टोपीचा नट लावा. बाहेर आलेला बोल्ट कपडा पकडतो, आणि कपडा गळ्याशी जोडलेला असतो. काम संपल्यावर थाळीत दोन वॉशर उरले तर "जास्तीचे दिले असतील" असं म्हणून ते डब्यात टाकू नका. ते कुठे बसायला हवे होते ते शोधा.

वेल्डिंगवाल्याकडून करून घेणार असाल तर पाइपापासून सुरुवात करा. जस्ताच्या पाइपांवर रंगाचे पट्टे असतात. पिवळा हलक्याचा, निळा मध्यमचा, लाल जाडाचा. झोपाळ्याला पिवळा चालणार नाही. निळा मागा, आडव्या पाइपाला शक्यतो लाल. मग मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. तो सांगाडा फिरवत फिरवत तीन ठिपके मारतो, सांधा धरला की म्हणतो, "हो गया भाईसाहब, हाथी भी झूल ले." अशा वेळी हत्तीचा मान राखून शांतपणे सांगायचं, "पूरा घुमाओ." सांध्याची शिवण पाइपाभोवती पूर्ण फिरली पाहिजे, मध्ये खंड नको. खवलं थंड झालं की ते ठोकून काढायला लावा. त्याच्याखाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तो भाग घासून पुन्हा भरून घ्या. जिथे वेल्डिंग झालं तिथलं जस्त जळून गेलेलं असतं, म्हणून तिथे जस्ताचा प्रायमर आणि रंग लागतोच. नाहीतर चकचकीत सांगाड्यावर पहिला गंज बरोबर सांध्यावरच चढतो. पाइपांची उघडी तोंडं झाकून घ्या. उघड्या पाइपात पावसाचं पाणी तर जातंच, पण गांधीलमाश्याही घर करतात, आणि झोका हलला की त्या हिशेब विचारायला बाहेर येतात.

पाय रोवण्याचं काम मिस्त्रीला घाईने करायचं असतं. जयपूरची जमीन बऱ्याच ठिकाणी रेताड आहे. खुंट्या ठोकून उभा केलेला झोपाळा जानेवारीत घट्ट वाटतो आणि पहिल्या जोरदार पावसानंतर डुलायला लागतो. प्रत्येक पायासाठी दीड-दोन फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट, आणि त्याचा माथा जमिनीच्या खाली. वर आलेला काँक्रीटचा गोळा म्हणजे अंगठा फोडायची आणि डोकं आपटायची सोय. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा आणि तेवढे दिवस बैठक टांगूच नका. टांगली की मुलं बसणारच. बसण्याआधी एक चाचणी घ्या. सिमेंटची अख्खी गोणी पन्नास किलोंची असते. लोखंडी झोपाळा असेल आणि त्याची मर्यादा तेवढी असेल तर बैठकीवर अशी गोणी बांधा, बाजूला उभं राहून चांगला झोका द्या आणि त्या वेळी गोणीकडे बघू नका, पायांकडे बघा. मागचा पाय मातीतून सुतभर जरी उचलला गेला, तरी काम अपुरं आहे.

आता जिथे साखळी पाइपाला भेटते तिथे शिडी लावून चढा. ही जागा डोळ्यांच्या वर असते, म्हणून वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साखळ्यांना इंग्रजी एस अक्षरासारखे हूक असतात. ते हूक पक्कडीने दाबून इतके मिटले पाहिजेत की फटीत नाण्याची कडही शिरता कामा नये. अर्धवट उघड्या हुकातून झोका शिखरावर असताना साखळी सैल होऊन निसटते आणि ओढणीचा धागाही त्यातच अडकतो. शक्य असेल तर स्क्रूने बंद होणाऱ्या कड्या घ्या. दुसरी गोष्ट, लोखंडावर लोखंड घासून कडी आतून झिजते. बाहेरून ती गोल, गुबगुबीत दिसते. साखळी उचलून कडीचा आतला कड पाहिला तर तिथे चर पडलेला असतो. जाडी एक चतुर्थांशाने कमी झालेली दिसली तरी कडी बदला, तेल घालून आयुष्य वाढवू नका. "कर्र कर्र" असा आवाज येतो तो तक्रारीचा असतो, संगीताचा नव्हे.

बैठक मऊ हवी. आपल्या माजघरातला सागवानी पाटाचा, पितळी कड्यांचा झोपाळा कितीही जिव्हाळ्याचा असला, तरी तो मोठ्यांनी सुपारी कातरत बसायचा आहे. साडेसहा फुटी साखळीचा झोका ६० अंशांवरून तळात येतो तेव्हा त्याचा वेग ताशी सोळा किलोमीटर असतो, आणि मोकळा जड पाट त्या वेगाने समोरून धावत येणाऱ्या लहान भावंडाच्या कपाळावर बसतो. मोकळा झोका लागणं हाही नेहमीचाच अपघात. म्हणून रबराची किंवा लवचीक प्लास्टिकची पट्टी घ्या. चार वर्षांच्या आतल्या मुलाला चहूबाजूंनी धरणारी बादलीसारखी बैठक, आणि तीही मूल स्वतःची मान सांभाळून नीट बसायला लागल्यावरच. दोन झोके असतील तर दोघांमध्ये दोन फुटांचं आणि खांबापासून अडीच फुटांचं अंतर हवं, हा सार्वजनिक बागांचा हिशेब घरीही पाळावा. तीन झोके एका पाइपावर नकोतच. मधल्या झोक्याकडे जाणारं मूल दोन्हीकडून मार खातं.

यापुढचं वाचताना मन घट्ट करा. अमेरिकेत १९९० ते २००० या काळात खेळसाधनांवर झालेल्या १४७ बालमृत्यूंचा अभ्यास झाला. त्यातली ८२ मुलं पडून नव्हे, गळ्याला फास बसून गेली. पडून गेलेली होती ३१. आणि एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्के घरच्या अंगणात झाले. बागेत नव्हे, शाळेत नव्हे. जिथे आपण निश्चिंत असतो तिथे. आपल्याकडे तर साडीचा किंवा ओढणीचा झोका घराघरांत बांधला जातो. तान्ह्याची झोळी आई समोर बसून हलवते, ती गोष्ट निराळी. पण सात-आठ वर्षांचं मूल खिडकीच्या गजाला ओढणी बांधून स्वतःच गोल गोल फिरतं, पीळ चढत जातो, आणि पीळ गळ्याशी आला की ओरडायलाही आवाज फुटत नाही. हा खेळ घरात पूर्ण बंद. मोठ्या झोपाळ्यालाही जादा दोऱ्या, उड्या मारायची दोरी, कुत्र्याचा पट्टा काहीही बांधू देऊ नका. तीजेला लेकीला लहरियाची ओढणी हवीच असते. फोटो काढा, कौतुक करा आणि झोक्यावर चढण्याआधी ती काढून दारात अडकवा. नाडीचा टोपीवाला स्वेटर, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, सायकलचं हेल्मेट हेही तसंच बाहेर. हेल्मेट सायकलवर जीव वाचवतं. घसरगुंडीच्या शिडीत मात्र धड निसटतं आणि डोकं अडकतं. त्याच कारणाने शिडीच्या पायऱ्यांमधली, कठड्यातली कोणतीही फट साडेतीन इंचांहून लहान तरी हवी किंवा नऊ इंचांहून मोठी तरी. मधल्या मापाच्या फटीत शरीर जातं, डोकं जात नाही.

जयपूरच्या हवेबद्दलही बोलायला हवं, कारण खोक्यातली सूचनापत्रिका आपल्या जूनचा विचार करून लिहिलेली नसते. पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा लोखंडी घसरगुंडी, साखळी, इतकंच काय, काळी रबरी बैठकसुद्धा मांड्यांना चटका देते. दोन वर्षांखालच्या मुलाची कातडी नाजूक, आणि चटका बसला तरी झटकन उठायचं त्याला कळत नाही. आपला तळहात उलटा करून बैठकीवर पाच सेकंद टेकवा. तुम्हाला ठेवता आला नाही तर मुलाला बसवायचं नाही. घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे करा, झोपाळा दुपारनंतर सावलीत येईल असा बसवा. हेच ऊन नायलॉनच्या दोरीला आणि प्लास्टिकला आतून खातं. दोरी पिळून बघा. बोटांना पांढरी भुकटी लागली तर ती दोरी संपली. प्लास्टिकची बैठक दुमडून बघा. पांढरी रेघ उमटली तर तीही. आंधी येणार असं दिसलं की बैठका काढून ठेवा किंवा पाइपावर गुंडाळून बांधा. रिकामे झोके रात्रभर आपटत राहिले की सांधे मुलांशिवायच खिळखिळे होतात. आणि ज्यांच्या भागात माकडं आहेत त्यांना सांगायला नको, की पहाटेचा पहिला झोका कोण घेतं ते.

गच्चीवर झोपाळा बसवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, की बसवू नका. खाली फरशी, बाजूला कठडा, आणि उंच गेलेलं मूल कठड्याच्या वर. कितीही जाळ्या लावल्या तरी हे गणित जुळत नाही. फ्लॅटमध्ये छताच्या पंख्याच्या हुकाला झोका टांगू नका. तो हूक पंख्याचं वजन धरायला घातलेला असतो, हिसके सोसायला नाही. घरात झोका हवाच असेल तर इमारतीच्या अभियंत्याला विचारून तुळईत हूक बसवून घ्या.

सगळं बसवून झालं की तपासणीचा दिवस ठरवून टाका, नाहीतर ती राहूनच जाते. नवा झोपाळा पहिल्या पंधरा दिवसांनी पुन्हा आवळायचा. मग खेळाच्या दिवसांत महिन्यातून दोनदा. एकादशी लक्षात राहते ना? मग एकादशीला नट तपासायचे; उपासाच्या दिवशी तेवढंच पुण्य. तीजेआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर, दसऱ्याला, एकदा मोठी तपासणी. शस्त्रपूजनाला पाना आणि पक्कड मांडाच, पण मांडण्याआधी वापरा. त्या दिवशी पायांभोवतीची माती चार इंच उकरा. गंज सगळ्यात आधी बरोबर माती आणि हवा भेटते त्या रेषेवर लागतो, आणि वरचा रंग शाबूत असल्यामुळे दिसत नाही. पान्याने पाइपावर टकटक करत खाली या. वर खणखणीत वाजणारा पाइप तळाशी बद्द वाजला की आतून खाल्ला गेला असं समजा. तिथे रंग लावून वेळ मारून नेऊ नका. वेल्डिंगवाल्याला बोलवा आणि तो येईपर्यंत साखळ्या पाइपावर गुंडाळून कुलूप लावून टाका.

एवढं करूनही मूल पडेल. पडायचंच. तेव्हा त्याला हाताला धरून ओढून उठवू नका. झोक्यावरून हातावर पडलेल्या पाच ते आठ वर्षांच्या मुलांत कोपराच्या वरचं हाड मोडणं हे फार नेहमीचं आहे. कोपर सुजलं, बोटं गार किंवा पांढरी पडली तर हात आहे तसाच आधार देऊन थेट दवाखाना गाठा. तेल लावून चोळणारे, हाड बसवणारे नकोत. डोक्याला लागलं आणि मूल गुंगायला लागलं, पुन्हा पुन्हा ओकलं, ओळख विसरलं किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर वाट बघत बसू नका. १०८ला फोन करा.

शेवटचं एक. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की तपासणीत त्याला सोबत घ्या. पाना त्याच्या हातात द्या, नट कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो ते दाखवा, कडीच्या आतला चर त्याच्या बोटाला लागू द्या. "पडशील" हे शंभरदा ऐकून मूल एकतर भित्रं होतं नाहीतर निगरगट्ट. "ही कडी झिजली आहे, आज झोका बंद" हे त्याने एकदा स्वतः ठरवलं, की मग शाळेच्या मैदानातली डुगडुगणारी घसरगुंडीही त्याला दिसते आणि बाईंना जाऊन सांगायचंही सुचतं. आणि तुम्ही? एकादशीचे नट आवळून झाले असतील तर खिडकी उघडी ठेवा, नजर त्याच्यावर ठेवा, मोबाइल बाजूला ठेवा, आणि तोंडातली ती "हळू" गिळून टाका. तो किती उंच जातो ते त्याचं त्याला ठरवू द्या.